वऱ्हाडातील शिक्षण, रोजगार आणि दळणवळण : अमरावती–अकोला परिसराचा एक विचार

प्रस्तावना

विकासविषयक लेखनात 'आर्थिक संधी' हा शब्दप्रयोग बराच सैलपणे वापरला जातो. कारखाना आला, महाविद्यालय निघाले किंवा रस्ता रुंद झाला की त्या परिसराला संधी प्राप्त झाली असे गृहीत धरले जाते. एखाद्या शेतकरी वा मजूर कुटुंबाच्या दृष्टीने मात्र संधीचा अर्थ फार साधा असतो. घरातील मुलगा किंवा मुलगी सकाळी निघून शिकण्याच्या अथवा कामाच्या ठिकाणी वेळेवर पोचते काय, दिवेलागणीपर्यंत सुखरूप परत येते काय, आणि परत येणे शक्य नसल्यास तेथे राहण्याचा खर्च घराला पेलतो काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर संधीचे अस्तित्व अवलंबून असते.

अमरावती व अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, तर अकोल्याची सुमारे सव्वाचार लाख होती. त्याच जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांतील साक्षरता ८७ ते ८८ टक्क्यांच्या घरात होती. राज्याची सरासरी सुमारे ८२ टक्के होती. म्हणजे साक्षरतेच्या बाबतीत हा भाग मागासलेला म्हणता येत नाही. तरीही पुण्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या 'ट्रॅव्हल्स' आणि रेल्वेगाड्या येथील पदवीधरांनी भरून जातात. शिकलेल्या तरुणांना आपल्या जिल्ह्यात काम का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'उद्योग नाहीत म्हणून' असे दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. शिक्षण, रोजगार आणि दळणवळण ही तीन अंगे वऱ्हाडात निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी वाढली आणि त्यांचे नकाशे एकमेकांवर फारसे जुळले नाहीत, या बाजूने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

हा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. जॉन केन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली शिकागो व डेट्रॉइट या शहरांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की कारखाने उपनगरांकडे सरकले आणि कृष्णवर्णीय कामगारांना मात्र घरांच्या बाजारातील भेदभावामुळे जुन्या वस्त्यांतच राहावे लागले. त्यामुळे काम आणि कामगार यांच्यातील अंतर हेच बेकारीचे एक कारण ठरले. वऱ्हाडातील परिस्थिती अगदी निराळी आहे. येथे कामगार शहराच्या मध्यभागी अडकलेला नसून ४०–५० कि.मी. दूरच्या गावात आहे. परंतु अंतर हे बेकारीचे स्वतंत्र कारण असू शकते, हा मुद्दा येथेही लागू पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रेल्वे आणि कापूस

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत नेला जात असे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडमधील गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व एकाएकी वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ साली पूर्ण झाला तो या पार्श्वभूमीवर. अकोला या मार्गावर आले. अमरावती ही कापसाची मोठी पेठ असूनही मुख्य मार्ग तिच्या दक्षिणेला सुमारे १० कि.मी. वरून, बडनेऱ्यातून गेला. खामगावच्या बाजारासाठी १८७० मध्ये आणि अमरावतीसाठी १८७१ मध्ये स्वतंत्र फाटे काढावे लागले. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते, यावरून या कापसाचे साम्राज्याच्या लेखी असलेले मोल लक्षात येते.

रेल्वेने गावांची नावेसुद्धा बदलली. चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे ही अमरावती जिल्ह्यातील तालुक्यांची गावे आजही त्याच नावांनी ओळखली जातात. त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारला मात्र रेल्वेसाठी एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. अमरावती–नरखेड हा सुमारे १३८ कि.मी.चा मार्ग २०१२ च्या सुमारास पूर्ण झाला, तेव्हा चांदूर बाजार, मोर्शी व वरुड ही संत्र्याच्या पट्ट्यातील गावे प्रथमच ब्रॉडगेज रेल्वेशी जोडली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे सर्व जुने मार्ग माल बाहेर नेण्यासाठी आखलेले होते. त्यांची दिशा मुंबई बंदराकडे होती. जिल्ह्यातील माणसांनी जिल्ह्याच्या ठिकाणी ये-जा करावी, हा त्यांचा हेतू नव्हता. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शकुंतला.

शकुंतला : एका मार्गाची दिशा

किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने १९१० च्या सुमारास सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा नॅरोगेज मार्ग टाकला. मूर्तिजापूर–यवतमाळ सुमारे ११३ कि.मी. आणि मूर्तिजापूर–अचलपूर सुमारे ७६ कि.मी. अशा त्याच्या दोन शाखा. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून हा मार्ग सुटला. भारतीय रेल्वे गाडी चालवी आणि मार्गाची मालकी मात्र कंपनीकडे राही, अशी ही विलक्षण व्यवस्था अनेक दशके टिकली. १९९४ पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर चालत होती.

शकुंतलेविषयी बरेच भावुक लेखन झाले आहे. त्यात वावगे काही नाही. पण तिच्या आखणीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अचलपूर–परतवाडा ही जुळी गावे अमरावतीपासून रस्त्याने सुमारे ५० कि.मी. वर आहेत. त्यांचे न्यायालयीन, शैक्षणिक व वैद्यकीय व्यवहार अमरावतीशी. शकुंतला मात्र अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूरमार्गे दक्षिणेला मूर्तिजापूरकडे, म्हणजे अकोला जिल्ह्यात जात असे. कारण कापसाच्या गाठींना मुख्य मार्ग गाठायचा होता. अमरावतीशी त्यांचे काही काम नव्हते. गरीब प्रवाशांना तिचे स्वस्त भाडे मोठा आधार होता हे खरे. तथापि कॉलेजला किंवा कामाला रोज ये-जा करणाऱ्यास ताशी २०–२५ कि.मी. वेगाची ती गाडी पुरी पडत नव्हती. आता ती धावत नाही. मार्ग रुंद करून पुन्हा सुरू करण्याच्या मागणीसाठी या भागात सातत्याने आंदोलने झाली आहेत. त्या मागणीबरोबरच मार्गाचे उत्तरेकडील टोक अमरावतीकडे वळवावे काय, या प्रश्नाचाही विचार व्हावयास हवा.

छात्रालयापासून विद्यापीठापर्यंत

वऱ्हाडात उच्च शिक्षण उशिरा आले. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू होईपर्यंत येथील विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतर नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. हेच कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. परंतु कॉलेज अमरावतीस आले तरी खेड्यातील कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला अमरावती दूरच होती. या प्रश्नाचे मर्म डॉ. पंजाबराव देशमुखांनी ओळखले. त्यांनी १९२७ च्या सुमारास अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले व तेथे सर्व जातींच्या मुलांची एकत्र सोय केली. श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना त्यानंतरची, १९३२ मधली. आधी राहण्याची सोय आणि मग शाळा-महाविद्यालयांचे जाळे, हा क्रम महत्त्वाचा आहे. जेथे रोजची ये-जा अशक्य होती तेथे वसतिगृह हेच दळणवळणाचे साधन ठरले. संस्थेने पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत शाळा व महाविद्यालये नेली, म्हणजे अंतर दुसऱ्या बाजूने कमी केले.

स्वातंत्र्यानंतरची प्रगती सर्वपरिचित असल्याने तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. १९६४ मध्ये अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आले, तेही सहजासहजी नव्हे. राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीस नेण्याच्या निर्णयाविरुद्ध १९६७ मध्ये विदर्भात उग्र आंदोलन झाले व त्यात बळीही गेले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्याला २००२ मध्ये मिळाले; अमरावतीला, विभागीय मुख्यालय असूनही, २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

शुल्काच्या बाबतीत शासनाने अलीकडे मोठी पावले उचलली. २०२४–२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र दर्यापूर किंवा बार्शीटाकळीच्या मुलीच्या खर्चात शुल्काबरोबर खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास हेही येतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६–१७ पासून स्वाधार योजना आहे. पंजाबरावांनी ज्या खर्चापासून सुरुवात केली होती तो खर्च तिच्यामुळे विचारात घेतला जातो, हे तिचे वैशिष्ट्य होय.

मुक्कामी गाडी आणि 'अपडाऊन'

वऱ्हाडच्या बोलीत रोजच्या ये-जा करण्याला 'अपडाऊन' म्हणतात. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, तलाठी, महाविद्यालयीन विद्यार्थी असा मोठा वर्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती यांच्यात अपडाऊन करतो. बडनेरा ते अकोला हे अंतर लोहमार्गाने सुमारे ८० कि.मी. आहे. रेल्वेचा मासिक पास हे या वर्गाचे सर्वांत स्वस्त साधन. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या तेव्हा एक्सप्रेसचे भाडे लागू झाले आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. जुने दर फेब्रुवारी २०२४ अखेरीस परतले. दिवसाकाठी दोन वेळा तिकीट काढणाऱ्या हमालाला किंवा दुकानातील नोकराला जाता-येता ४० रुपयांचा हा फरक म्हणजे मजुरीचा लक्षणीय भाग होता. त्या चार वर्षांत किती जणांनी शहरातील काम सोडले याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

रेल्वेपासून दूर असलेल्या गावांची सारी भिस्त एस.टी.वर. त्यातही 'मुक्कामी गाडी' हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. संध्याकाळची शेवटची बस गावातच थांबते. चालक-वाहक ग्रामपंचायतीत किंवा देवळात रात्र काढतात आणि पहाटे तीच बस शहराकडे पहिली फेरी म्हणून निघते. गावाला मुक्कामी गाडी असेल तर विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला आणि कामगार पहिल्या पाळीला पोचतो. ती बंद झाली की शहरातून निघालेली पहिली बस गावात येऊन परत फिरेपर्यंत अर्धी सकाळ सरते. नकाशावरील अंतर तेवढेच राहते, पण गाव शहरापासून कित्येक तासांनी दूर जाते. उरतो तो काळीपिवळीचा पर्याय; तिच्यात दाटीवाटी असते आणि विद्यार्थ्यांची सवलत चालत नाही.

याबाबतीत शासनाच्या काही योजना खरोखर परिणामकारक ठरल्या आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत २०११ नंतर मुलींच्या शाळेसाठी स्वतंत्र बसगाड्या देण्यात आल्या. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी.च्या भाड्यात ५० टक्के सवलत लागू झाली. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलींसाठी निधी देण्यात आला. त्या योजनेच्या मुरलीधरन व प्रकाश यांनी केलेल्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक शाळेतील नोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ आढळली आणि शाळा तीन कि.मी. हून दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. वऱ्हाडात महाविद्यालयाचे अंतर सायकलीच्या पलीकडचे असल्याने जे काम तेथे सायकलीने केले ते येथे एस.टी.ला करावे लागते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा टाळेबंदीनंतर नुकतीच उघडलेली शाळा-महाविद्यालये खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी पुन्हा बंद झाल्यासारखीच होती. सवलत कितीही असली तरी बस धावत असेल तरच ती उपयोगी पडते.

लोहमार्गाचे रुंदीकरण करतानाही या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले. अकोला–अकोट हा सुमारे ४४ कि.मी.चा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी १ जानेवारी २०१७ पासून बंद झाला आणि नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ सहा वर्षे. अकरावीत प्रवेश घेणारा विद्यार्थी एवढ्या काळात पदवी घेऊन बाहेर पडतो. अकोटच्या पुढील खांडव्याकडील भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न नेता बाहेरून नेण्याचे ठरले, हे योग्यच झाले. पण त्यामुळे तो आणखी लांबला.

मोठे रस्ते, दूरचे प्रवासी

अलीकडील गुंतवणूक पाहता वऱ्हाडाकडे दुर्लक्ष झाले असे म्हणता येणार नाही. अमरावती–अकोला राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडल्यानंतर जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचे ७५ कि.मी. डांबरीकरण करून गिनीज विक्रम नोंदविण्यात आला. यापूर्वीचा विक्रम दोहा येथील होता. ज्या रस्त्याने प्रवाशांची हाडे खिळखिळी केली त्याच रस्त्यावर जागतिक विक्रम व्हावा, हा योगायोग वऱ्हाडी माणसाच्या विनोदबुद्धीला साजेसाच म्हणावा लागेल.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ७०१ कि.मी.चा हा मार्ग अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. अकोला जिल्हा त्यात येत नाही. त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मनाई आहे. वेगाचा विचार करता ती आवश्यकच. परंतु या भागातील कामगाराचे वाहन दुचाकी हेच आहे, त्यामुळे धामणगाव किंवा नांदगाव खंडेश्वरच्या कामगाराला हा मार्ग पाहता येतो, वापरता येत नाही. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. अकोल्यातील शिवणीचे विमानतळ १९४३ पासूनचे असूनही तेथील धावपट्टीच्या विस्ताराचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी निगडित असल्याने दीर्घकाळ अडला. शिक्षण आणि दळणवळण एकाच जमिनीसाठी समोरासमोर आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. उद्योजकाला अमरावतीस येण्यासाठी विमान उपयोगी आहे यात शंका नाही. त्याच्या कारखान्यात कामगार कसे पोचणार, हा प्रश्न वेगळा राहतो.

कापसाचा उद्योग आणि पाळीची वेळ

वऱ्हाडचा कापूस आजही बहुतांशी गाठींच्या रूपाने बाहेर जातो. जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी, दिवाळीपासून फार तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचे. सूत, कापड व तयार वस्त्रे या पुढच्या टप्प्यांत बारमाही रोजगार आहे आणि तोच दीर्घकाळ इतरत्र निर्माण झाला. बडनेरा, अकोला, अचलपूर येथील जुन्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या. अचलपुरात नंतर मुंबईची फिनले मिल नव्या यंत्रांसह आणली गेली. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या त्यांत तीही थांबली आणि पुढची वर्षे तेथील कामगारांनी ती सुरू होण्याची वाट पाहण्यात घालविली. ज्या गावाची गाडी बंद झाली त्याच गावाची गिरणीही बंद झाली.

या पार्श्वभूमीवर अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ औद्योगिक क्षेत्राकडे पाहावे लागते. तेथे वस्त्रोद्योगातील काही नामांकित कारखाने आधीच आहेत. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशातील सात ठिकाणी पी.एम. मित्रा वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली, त्यांत अमरावतीचा समावेश झाला. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात सुमारे १,००० एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी झाली. संपूर्ण योजनेची तरतूद ४,४४५ कोटी रुपयांची असून प्रत्येक उद्यानातून एक लाख प्रत्यक्ष व दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार अपेक्षित धरले आहेत.

एक लाख ही संख्या अमरावती शहराच्या २०११ मधील लोकसंख्येच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढी होते. अपेक्षेच्या निम्मे रोजगार निर्माण झाले तरी हे कामगार एकट्या शहरातून येणार नाहीत. ते चांदूर बाजार, परतवाडा, तिवसा, मूर्तिजापूर येथून येतील. तयार वस्त्रांच्या उद्योगात स्त्रियांचे प्रमाण मोठे असते, आणि पहाटेची पाळी गाठण्यासाठी किंवा रात्रीची पाळी संपवून घरी जाण्यासाठी काळीपिवळीवर विसंबून राहणे स्त्रियांना शक्य नसते. अशा स्थितीत कारखानदार बाहेरच्या राज्यांतून कामगार आणून आवारात ठेवतो आणि स्थानिक तरुण पुण्याची गाडी पकडतो, हे अन्य औद्योगिक क्षेत्रांत अनेकदा घडले आहे.

योजनेच्या आराखड्यात कामगारांची वसतिगृहे, निवासाच्या सोयी आणि प्रशिक्षण केंद्रे यांना स्थान आहे. बससेवेचा प्रश्न मात्र एस.टी. महामंडळ, महानगरपालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यात वाटलेला राहतो. नरखेड मार्गावरील गाड्यांच्या वेळा पाळीशी जुळविणे रेल्वेच्या हाती आहे. मोर्शी, वरुडकडील मुक्कामी गाड्यांचा पहिला थांबा नांदगाव पेठेपर्यंत नेणे एस.टी.च्या हाती. दोन्हींसाठी नवा रस्ता किंवा नवा लोहमार्ग लागत नाही. वसतिगृहे कारखान्यांआधी उभी राहतात की नंतर, आणि पहाटेची बस पहिल्या भरतीच्या वेळी सुरू झालेली असते की नाही, यावर चांदूर बाजारच्या मुलीने तेथे अर्ज करावा की करू नये याचा निर्णय तिच्या घरात होणार आहे.